तळ्याकाठचा घास

जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गच्या उन्हाळ्यात रात्री नऊलाही ऊन गवतावर लोळत असतं, म्हणून शनिवारी आम्ही तळ्याकाठीच जेवायचो.

चिपळूणहून आलेल्या सासूबाईंनी त्या दिवशी गवतावर दहीभाताचा घास ठेवला. "राखणदाराचा गं. त्याच्या जागेत जेवतोय ना आपण!"

शेजारची जर्मन मंडळी बघत होती. "अहो आई, लोक काय म्हणतील!" मी तो घास टिश्यूने उचलून कचऱ्यात टाकला. त्यांची भात लागलेली बोटं तेवढी पदराखाली गेली.

त्या परत गेल्या. पुढच्या शनिवारी तळ्यावर डबा उघडला, तर भातात चार बोटांची खोल खूण. त्यानंतरच्या शनिवारी अर्धा डबा रिकामा. झाकण मात्र घट्टच होतं.

काल मी सगळ्यांदेखत गुडघे टेकले, मूठभर भात गवतावर ठेवला. "चुकलं माझं," म्हणाले. कान लाजेने तापले होते. भाताला मुंगीसुद्धा शिवली नाही.

मागून माझी पाच वर्षांची कुहू तिच्या जर्मनमध्ये म्हणाली, "आई, त्याला आता भात नकोय."

मी वळले. ती पाण्याकडे तोंड करून उभी होती, आणि तिचा एक हात कुणीतरी धरल्यासारखा वर होता.