ओवीतलं नाव

ओव्यांमधल्या वर्गसंघर्षावर प्रबंध लिहिताना प्राध्यापक देशमाने दोन वर्षं तीर्थपुरीच्या तुळजाबाईकडून ओव्या उतरवून घेत होते. १९८९ साली त्याचं पुस्तक झालं, तेव्हा पहिली प्रत घेऊन ते स्वतः तिच्या घरी गेले. लेकीच्या मरणावर तिनं रचलेली ओवी त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवली.

“सर, ह्यात माझ्या कुशावर्ताचं नाव न्हाई आलं?”

“मुद्दामच काढलं, मावशी. तिथं ‘कामकरीण’ घातलंय. हे दुःख एकट्या कुशावर्ताचं नाही, सगळ्या कष्टकरी वर्गाचं आहे. ओवी कुणा एकीची नसतेच, हेच तर मी पुस्तकात मांडलंय.”

तुळजाबाई बराच वेळ त्या पानावरून हात फिरवत राहिली.

“जिनिंगच्या मशीनमधी पदर अडकून गेली माझी लेक. पोलीस आले तव्हा मालकानं हजेरीचं रजिस्टर म्होरं केलं. ह्या नावाची बाई आमच्याकडं कामालाच नव्हती, म्हनला. कुठंतरी तिचं नाव ऱ्हावं म्हनून मंग म्या ते ओवीत घातलं व्हतं, सर.”