तिसरी बाटली

"खरं सांग, वास कसला येतो?" विहंगने दुसऱ्यांदा विचारलं.

हरेश्वरने पेला नाकाशी धरला, डोळे मिटले आणि ओल्या काथ्याचा येतो म्हणून सांगितलं. मग तो विहंगच्या हसण्याची वाट बघत बसला. विहंग हसला नाही. त्याने वहीत लिहिलं, 'ओला काथ्या'.

सकाळचे अकरा वाजले होते. चौलला हरेश्वरच्या वाडीत दोघे शाळासोबती ओटीवर समोरासमोर बसले होते. विहंग मुंबईत एका मोठ्या हॉटेलसाठी वाइन निवडायचा. दर वर्षी येताना तो एखादी फ्रेंच लाल वाइन आणायचा. हरेश्वर पहिल्याच घोटाला तोंड वाकडं करायचा. गाढवाला गुळाची चव काय, असं म्हणून विहंग हसायचा आणि जेवणाची वेळ टळेपर्यंत त्याला चव समजावत बसायचा. यंदा त्याने तीन बाटल्या आणल्या होत्या. एक बोर्दोची, एक बर्गंडीची, एक रोन नदीकाठची. सोमवारी हॉटेलच्या मालकांपुढे ह्याच तिन्ही चाखून, कुठली घ्यायची ते कारणांसकट सांगायचं होतं. गेल्या दोन निवडी फसल्या होत्या. ही फसली तर नोकरी जाणार, हे त्याने आल्या आल्या चपला काढतानाच सांगितलं होतं.

मग ह्यात आपलं काय काम, ते हरेश्वरला कळेना. तो पडला नारळ-सुपारीवाला. लहानपणी न बघता कुठल्या माडाचं शहाळं ते ओळखायचा, एवढीच काय ती त्याच्या जिभेची ख्याती.

दुसऱ्या बाटलीला त्याने जांभळाची साल सांगितली, गंजका खिळा सांगितला आणि मागून येणारा गोठ्याचा वास सांगितला. विहंगने सगळं लिहून घेतलं. आधी साल की आधी खिळा, एवढं विचारलं आणि 'गोठा'खाली रेघ मारली. बरोबर की चूक ते मात्र सांगेना. हा आपली परीक्षा घेतोय, का ह्याचं डोकं फिरलंय? हरेश्वर पुरता गोंधळला.

तिसरी आणायला तोच उठला. उकाडा होता, म्हणून बाटल्यांची बुचं काढून त्या स्वयंपाकघरात माठाशेजारी ठेवल्या होत्या. त्याने लांब मानेची, फ्रेंच लेबलाची बाटली उचलली आणि येऊन दोन्ही पेल्यांत ओतली.

विहंगने घोट घेतला, तोंडात घोळवला, सावकाश गिळला.

"ही जरा गोडसर आहे. हो ना?"

हरेश्वरने घोट घेतला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आंबट आणि खारट, जीभ सोलून निघेल असं. ते कोकमाचं आगळ होतं. विहंगचीच गेल्या वर्षीची रिकामी बाटली धुऊन हरेश्वरच्या बायकोने, श्यामलाने, त्यात आगळ भरून तिथेच ठेवलं होतं. चांगली बाटली कोकणात कोण फेकतो?

विहंग मस्करी करत असणार, असं वाटून त्याने वर बघितलं. विहंग पेन धरून थांबला होता. गणित न येणारा मुलगा शेजारच्याच्या पाटीकडे बघतो, तसा बघत होता.

"विहंग, हे आगळ आहे रे."

विहंगने पेनला टोपण लावलं. आषाढात ताप आला होता, तो म्हणाला, जाताना वास आणि चव दोन्ही घेऊन गेला. परत येईल म्हणतात, कधी ते कोणी सांगत नाही. ऑफिसात कोणाला ठाऊक नाही.

"तुझी जीभ मला लहानपणापासून ठाऊक आहे. तू सांगशील तेच मी सोमवारी सांगणार."

वही उघडीच होती. ओला काथ्या. साल, खिळा, गोठा. हरेश्वर आत गेला, खळखळून चूळ भरली, पेले विसळले आणि तिन्ही खऱ्या बाटल्या आणून ओळीने मांडल्या.

"ते पान फाड आणि पहिलीपासून ओत," तो म्हणाला. "मघाशी मी तुला हसवायला नुसत्या थापा मारत होतो."