पाव्हणीची हाक

"पाव्हणीची पैली हाक," शिवतेज म्हणाला आणि मोठ्या मनाने मागे टेकून बसला.

माधवनगरच्या गिरणीचाळीतला मे महिन्यातला हा शेवटचा डाव, चाळीतला शिवतेज आणि पाहुणी अक्षता यांच्यात. केबलवर परदेशी कुस्त्या दिसायला लागल्यापासून जिन्याखाली पैलवानांच्या पत्त्यांची लीग चालायची. ज्याने त्याने आपले दहा पत्ते निवडून गठ्ठा बांधायचा. हाक असलेल्याने पत्त्यावरचं काहीही एक पुकारायचं, वजन, उंची नाहीतर लढती. ज्याचा आकडा मोठा, त्याला समोरचा पत्ता आणि पुढची हाकही त्याचीच. शेवटी जिंकणाऱ्याला नव्या पत्त्यांचा सीलबंद डबा, आणि भिंतीवर कोळशाने नाव.

अक्षता आटपाडीहून दर सुट्टीला मामाकडे यायची. पाहुणी म्हणून पहिली हाक कायम तिची. भिंतीवर मात्र नाव नाही. गेल्या वर्षी ती जिंकली, तेव्हा तिला डबा दिला आणि भिंत कोरीच ठेवली. पाहुण्यांचं काय, आज आहेत उद्या एसटीत, असं शिवतेजचं म्हणणं.

यंदा तिने येताच अदलाबदल सुरू केली. धिप्पाड गडी पोरांना देऊन टाकले आणि कुणाला नको असलेले सडपातळ पैलवान घेतले. पोरं खूश. आटपाडीकडं पैलवानबी वाळलेलेच असत्यात काय, असं शिवतेजने विचारूनही घेतलं. मामेभाऊ राजरत्न तर लाजून तिच्या बाजूला बसेना.

अक्षताने पत्ता उचलला. "लढती."

शिवतेजच्या दोनशे किलोच्या गड्याच्या लढती नव्वद. तिच्या वाळक्याच्या सहाशे. पत्ता गेला, हाक तिचीच राहिली. पुन्हा लढती. पुन्हा लढती. शिवतेजचा गठ्ठा संपला, पण 'वजन' म्हणायची त्याची पाळी काही आली नाही. राजरत्न हळूच सरकत तिच्या बाजूला येऊन बसला.

शिवतेजने डबा तिच्याकडे ढकलला. तिने तो राजरत्नच्या मांडीवर ठेवला, कोळसा उचलला आणि भिंतीवर शिवतेजच्या नावाच्या वर टपोऱ्या अक्षरांत लिहिलं, अक्षता.

"पाव्हण्यांचं नाव लिवत न्हाईत," शिवतेज उठलाच. "आन् पैली हाक नसती, तर जिकली असतीस व्हय?"

अक्षताने हात झटकले.

"मग पुढल्या मे महिन्यात पैली हाक तू घे. मी आता पाव्हणी न्हाई."