वेगाची लस न मानवलेली मुलगी

कोल्हापूरच्या मुलींच्या फुटबॉल संघाची निवड चाचणी संपत आली, तरी आफरीन मुल्लाणीच्या पायाला अजून चेंडू लागला नव्हता. मैदानावरच्या बाकी सगळ्या मुलींना लहानपणीच स्नायूंना वेग देणारी लस मिळाली होती आणि त्या हरणासारख्या पळत होत्या. आफरीनला ती लस मानवली नव्हती. ती आपली साध्या माणसासारखी धावायची आणि रोज घरामागच्या बोळात एकटीच चेंडू खेळवत बसायची.

"एवढ्या पळणाऱ्यांत हिचं काय काम?" निवड समितीतले एक गृहस्थ म्हणाले. प्रशिक्षक घोरपडे बाई बाकावर बसून मैदानाकडे बघत होत्या.

तेवढ्यात चेंडू उडून आफरीनपाशी आला. सगळ्यांत वेगवान बचावपटू वेदिका वाऱ्यासारखी तिच्यावर धावून आली. आफरीनने तळपायाखाली चेंडू हलकेच मागे ओढला. वेदिकाला थांबताच येईना. ती थेट रेषेबाहेर गेली. दुसरी आली, तीही तशीच पुढे निघून गेली. मग गोलरक्षक झेपावली, आणि आफरीनने तिच्या बाजूने चेंडू अलगद जाळ्यात ढकलला.

"अगं, खेळली की पोरगी!" घोरपडे बाई बाकावर चढून ओरडल्या. "ही संघात पाहिजे म्हणजे पाहिजेच!"

वेदिका धावतच आफरीनकडे आली. "ते मला शिकीव की गं!"

आफरीन हसली. "शिकवते. पण आधी तुला हळू चालायला शिकावं लागंल."