माकड का बोलत नाही

“माकडाला सगळं बोलता येतं हो! पण बोललं की माणूस कामाला लावील, म्हणून ते गप्प.” गडाच्या पायऱ्यांवर फुटाणे विकताना भागूबाईचा नवरा येईल त्या गिऱ्हाइकाला हे ऐकवायचा. लकव्यानं त्याची वाचा गेली, तेव्हापासून चार महिने भागूबाई एकटीच ओरडत होती. तो शेजारी नुसता बसून असायचा.

आज तिची पाठ फिरताच एका माकडानं फुटाण्यांची पाटीच ओढली.

“ए चोरट्या, ठेव खाली!”

भागूबाई गर्रकन वळली. माकड पाटी टाकून पळालं होतं आणि नवरा स्वतःच्याच आवाजानं दचकला होता.

हसावं की रडावं तिला कळेना. तिनं दोन्ही केलं. मग पाटी त्याच्या पुढ्यात सरकवली.

“बोललात ना? लागा आता कामाला!”