छातीतला तंबोरा

मैफल संपली तशी कुमुदिनीबाईंनी नवऱ्याच्या छातीवरचा माइक काढून घेतला. त्र्यंबकरावांना कृत्रिम हृदय बसवल्यापासून घरातला तंबोरा खुंटीवरून उतरलाच नव्हता. हृदयातल्या फिरत्या पात्याला बारीक तडा होता. त्यावरून जाताना रक्त भोवरे घेई आणि छातीतून अखंड सूर निघे, तोही नेमका बाईंच्या पट्टीत, काळी चारमध्ये. बाई गात आणि त्र्यंबकराव मागे मुकाट बसून वाजत असत.

आज मात्र मैफलीला आलेल्या डॉक्टर शिकलगारांनी त्यांच्या छातीला कान लावला आणि मान हलवली. "तडा वाढलाय. उद्याच हृदय बदलू. नवं अगदी गप्प असेल."

"गप्प कसं चालेल?" बाई म्हणाल्या. "माझा दौरा तोंडावर आलाय."

डॉक्टरांनी जरा विचार केला. "पात्याला बिनधोक खाच पाडून देता येईल. पट्टी काळी चारच ठेवायची ना?"

प्रश्न बाईंना होता. उत्तर त्र्यंबकरावांनी दिलं, लग्नानंतर पहिल्यांदाच बाईंच्या आधी.

"काळी एक करा, डॉक्टर. पुरुषांची पट्टी. या खेपेला मी गातो."