मिठाची यादी

काकांच्या दोन खिशांत दोन कागद होते. उजव्यातल्या यादीत पाच नोंदी, डाव्यातल्या यादीत चार.

तळघरातलं ते यंत्र काका नऊ वर्षं सांभाळत होते. विश्वात खच्चून भरलेलं, पण कुणालाच न दिसणारं काळं द्रव्य. त्याचा हलक्यातला हलका कण गोठवलेल्या स्फटिकाला नुसता चाटून गेला तरी कळावा म्हणून प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी ते बांधलं होतं. आपल्याच आशेने आपण फसू नये म्हणून यंत्रात अधूनमधून कण आदळल्याचे खोटे ठोके मिसळायचे आणि ते कुठले हे वर्षअखेरीपर्यंत आपल्याला सांगायचं नाही, हा नियमही बाईंचाच. त्याला सगळे ‘मीठ टाकणं’ म्हणत. ते काम काकांकडे.

यंदा यंत्राने पाच ठोके पकडले. त्यांतले चार मिठाचेच असावेत असा बाईंचा संशय होता. पाचवा मात्र इतका नाजूक, इतका खरा वाटणारा, की महिनाभर त्या हवेतच होत्या. यंत्र ठेवायचं की मोडीत काढायचं, हे समिती सोमवारी ठरवणार होती.

पाचवाही काकांनीच टाकला होता.

“काढा यादी, काका.” बाईंनी आज केस नीट विंचरले होते, लग्नाला निघाल्यासारखे. चारांची यादी दिली की पाचवा खरा ठरणार होता. हात डाव्या खिशात गेला, कागदाशी घुटमळला. शेवटी त्यांनी दुसऱ्या हाताने उजव्या खिशातली यादी काढून दिली.

बाईंनी चार खुणा केल्या. पाचव्या ओळीवर पेन्सिल अडली.

“टाकलात तेव्हा केवढा होता हा?”

“चिमूटभरसुद्धा नाही हो. मीच म्हटलं, हा कसला कळतोय त्याला!”

“आणि कळला.” बाईंनी डोळे पुसले आणि एकदम ताठ बसल्या. “काका, इतकं हलकं आजवर कुठल्याच यंत्राला कळलेलं नाही. सोमवारी हेच सांगते. यंत्राची जीभ तयार आहे म्हणावं, खरा कण ताटात पडायचीच काय ती खोटी आहे.”

पाचवी खूण त्यांनी ठसठशीत केली. मग काकांकडे पाहिलं.

“आणि त्या खिशात मघापासून काय चुरगळताय?”

“काही नाही, बाई. अळणी आहे ते.”